एक मिनिट त्रेचाळीस सेकंद

आभाळात उजेड पडला तेव्हा सरिता वाहुळ आठवीच्या वर्गात हजेरी घेत होती. सकाळचे दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. खिडकीच्या गजांची सावली एकदम फळ्यावर उमटली आणि भिंतीवरून झरझर सरकत गेली. सूर्य तर शाळेच्या दुसऱ्या अंगाला होता. मुलं ओरडली. सरितानं वळून पाहिलं. उत्तरेला, फुलंब्रीच्या बाजूला, एक धगधगीत गोळा तिरपा खाली येत होता. बघता बघता तो इतका लख्ख झाला की तिनं डोळ्यांवर हात धरला. हात काढला तेव्हा गोळा नव्हता. चार-पाच ठिणग्या तेवढ्या पुढं गेल्या आणि विझल्या. मागं पांढऱ्या धुराचा जाड पट्टा राहिला.

"उल्का!" ती म्हणाली. "अरे, उल्का आहे ही! बाहेर चला, सगळे बाहेर चला. दिवसाढवळ्या असली उल्का पुन्हा बघायला मिळायची नाही."

करमाडहून आत आठ किलोमीटरवर चिंचदरा नावाचं गाव आहे, तिथली ही शाळा. एका शिक्षणसंस्थेची, दहावीपर्यंतची. सरिता चौदा वर्षं तिथं विज्ञान शिकवत होती, रोज शहरातून ये-जा करत होती. चौदा वर्षांत तिनं पुस्तकातल्या आकृत्यांशिवाय मुलांना फार काही दाखवलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. त्यामुळं त्या दिवशी तिला मुलांपेक्षा जास्त आनंद झाला. तीच पुढं पळाली.

मैदानात उभं राहून सगळे धुराकडं बघत होते. तनुजा मात्र वही घेऊन उत्तरेच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी गेली, कारण तिथून झाडं आडवी येत नव्हती. भिंतीला टेकून, मान वर करून ती धुराचं चित्र काढायला लागली. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी होती ती. तिला तिथं पाहून सरिताला बरं वाटलं.

मग आवाज आला. एक, आणि लगेच त्याला जोडून दुसरा. जमीन नाही, हवाच हादरली. पत्रे थडथडले, दोन काचा फुटल्या, कावळे उठले. आणि उत्तरेची भिंत आतल्या बाजूला आडवी झाली. पडताना तिचा फारसा आवाजही झाला नाही.

शिक्षकांनी आणि दहावीच्या मुलांनी ढिगारा उपसला. तनुजा शुद्धीवर होती. उजवा पाय गुडघ्याखाली दिसत होता, पण तो पायासारखा दिसत नव्हता. पिकअपमध्ये तिला आडवं घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात, घाटीत नेलं. सरिता सोबत होती. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, पाय वाचणार नाही, आणि उशीर केला तर मुलगीही वाचणार नाही. तनुजाची आई कडूबाई शेतातून तशीच आली होती, पायांना माती होती. तिनं कागदावर अंगठा उमटवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिला नवरा नव्हता. ही एकच मुलगी.

इकडं गावात दुपारपर्यंत ठरून गेलं होतं, की भिंत सुरुंगानं पडली. गावापासून किलोमीटरभर अंतरावर खडीची खदान होती, आणि तिथं सुरुंग उडवायचं काम गयास पठाण करायचा. त्या सकाळीही त्यानं दगडात भोकं पाडून ठेवली होती. सुरुंगाच्या दारूची गाडी यायची होती, ती आलीच नव्हती. पण संस्थेचे सचिव बद्रीनाथ अण्णा पडलेल्या भिंतीपाशी उभं राहून पोलिसांना म्हणाले, "लिहून घ्या साहेब. सांगून थकलो आम्ही त्या पठाणाला. आज पोरीचा पाय घेतला त्यानं."

ती भिंत दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथ अण्णांनीच बांधून घेतली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी कुणी बोललं नाही.

गयासला पोलिसांनी खदानीवरून उचललं. खदानीच्या मालकाचा फोन बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी कोर्टानं गयासला कोठडी दिली.

तिसऱ्या दिवशी सरिता घाटीतून बाहेर पडत होती, तेव्हा फाटकाशी एक बाई आडवी आली. गयासची बायको, यास्मिन. तिची मोठी मुलगी सदफ सरिताच्या हाताखाली शिकून गेली होती.

"बाई, तुमी तर आभाळात पाहिलं ना?" यास्मिन म्हणाली. "समद्या पोरांनी पाहिलं. मग सांगत का नाय कुणी?"

"फोनवर व्हिडिओ फिरतायत, पोलिसांनी पाहिलेच असतील की."

"पाहिले ना. म्हणतात, ते तिकडं फुलंब्रीला पडलं. उजेड कवा पडला, आवाज कवा आला. तो येगळा, हा येगळा. बाई, माझा माणूस वीस वर्षं सुरुंग लावतोय. कुणाची कोंबडी मेली नाय आजपर्यंत."

सरिता त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेली. फौजदार तरुण होता आणि वागायला नीट होता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मॅडम, मला एवढंच समजावून सांगा," तो म्हणाला. "दगड आभाळातून आला. बरं, आला. मग खड्डा कुठंय? खाली न पडता वरच्या वर त्याचा बॉम्ब कसा झाला? दगडात काय दारू भरलेली असते का?"

सरितानं टेबलावरचा कागद ओढला. "तो दगड सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येतो. आपण चालतो तेव्हा हवा बाजूला होते. इतक्या वेगापुढं तिला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दगडाच्या तोंडाशी दाबली जाते, तापते. पुढं प्रचंड दाब, आणि मागच्या बाजूला जवळजवळ पोकळी. आता दगड काही अखंड नसतो. त्याला भेगा असतात, बारीक छिद्रं असतात. ती दाबलेली हवा त्यात घुसते आणि आतून लोटायला लागते. समोरून रेटा, मागं धरायला काही नाही, आणि पोटात हवा. मग तो एका क्षणात फुटतो. त्याचे तुकडे झाले की ते आणखी हवा अडवतात, सगळा वेग तिथंच जिरतो. तोच स्फोट. जमिनीपासून तीसेक किलोमीटर वर झाला तो. तिथून आवाजाला खाली यायला दीड-दोन मिनिटं लागतात. उजेड लगेच दिसतो."

फौजदारानं मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसत नव्हतं. पलीकडं, बाकावर बेडीत बसलेला गयास ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "बराबर हाय मॅडम. सुरुंगातबी तसंच आसतं. दारू पेटली की तिचा गॅस होतो, आन् तो भेगेत घुसतो. दगड फाटतो तो गॅसनं. भेग नसली तर दगड लई तरास देतो."

फौजदार त्याच्याकडं वळला. मग सरिताकडं बघून हसला. "बघा. किती बारकाईनं माहिती आहे गड्याला."

गयासनं मान खाली घातली.

सरिताला घरी जाईपर्यंत राग आवरत नव्हता. तिनं रविवारपासून कामाला सुरुवात केली. यास्मिन सोबत यायची. जालना रोडच्या एका ढाब्यावर कॅमेरा होता. त्यात उजेडाची वेळ सापडली, दहा एकवीस आठ सेकंद. त्याच कॅमेऱ्यात शटर हललं ते दहा बावीस एक्कावन्नला. मधे एक मिनिट त्रेचाळीस सेकंद. तशीच नोंद तिला आणखी दोन ठिकाणी मिळाली. जिथं स्फोट जवळ होता तिथं वेळ कमी, जिथं लांब होता तिथं जास्त. खदान तिन्ही ठिकाणांहून वेगवेगळ्या अंतरावर होती आणि तिच्याशी एकही आकडा जुळत नव्हता. मग फुलंब्रीकडच्या एका वस्तीवर शेळ्या राखणाऱ्या भागूबाई नावाच्या म्हातारीनं पदरातून एक दगड काढून दिला. वरून कोळशासारखा काळा, जिथं टवका उडाला होता तिथं आत राखाडी. "माझ्या शेळीच्या फुडं येऊन पडला, देवाचा हाय," ती म्हणाली. शहरातल्या कॉलेजातल्या एका बाईंनी तो तपासून लिहून दिलं, की हा पृथ्वीवरचा दगड नाही.

सरितानं चार पानांचा जबाब लिहिला. तिसऱ्या पानावर दोन परिच्छेद भिंतीबद्दल होते. भिंतीला पाया फूटभरही नव्हता, मधे खांब नव्हते, आधीच्या पावसाळ्यात तिला उभी भेग पडली होती आणि ती सरितानं मुख्याध्यापकांना लेखी कळवली होती. गावातली मातीची जुनी घरंसुद्धा त्या दिवशी जागची हलली नव्हती. पडलं होतं ते एवढं एकच बांधकाम.

फौजदारानं चारही पानं वाचली. या वेळी त्याला पटलं होतं.

"हे उत्तम आहे," तो म्हणाला. "फक्त हे भिंतीचं इथं नको. तो वेगळा विषय आहे, वेगळा अर्ज द्या. इथं टाकलं की तिकडून वकील येतील, मग सहा महिने घोळ. गयासला सोडवायचंय ना तुम्हाला? मग तेवढंच ठेवा."

यास्मिन बाहेर दाराशी उभी होती. सरितानं ते दोन परिच्छेद काढून टाकले आणि तिसरं पान पुन्हा लिहून दिलं. शेवटचं वाक्य होतं, 'सदर भिंत उल्केच्या स्फोटाने निर्माण झालेल्या हवेच्या धक्क्याने पडली, सुरुंगाने नव्हे.' खाली तिनं सही केली.

नवव्या दिवशी गयास सुटला. पण सुरुंगाचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवलेला, आणि मालकानं दुसरा माणूस आणलेला. तो वाळूजला एका गोदामात रखवालीला लागला आणि बायको-मुलांना घेऊन बजाजनगरला राहायला गेला. जाताना गावातलं कुणी त्याला भेटायला आलं नाही. चुकलं म्हणायला तर नाहीच.

तनुजाला तीन आठवड्यांनी घाटीतून सोडायचं होतं. आदल्या दिवशी सरिता वॉर्डात गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. पांघरुणाखाली एका बाजूला सपाट होतं. कडूबाई चहा आणायला गेली होती.

"बाई, तो वरच का फुटला?" तनुजानं विचारलं. "खाली पडून फुटायचा ना."

सरितानं तिला सगळं सांगितलं. फौजदाराला सांगितलं होतं त्याहून नीट, सावकाश. तनुजानं मधेच विचारलं, "म्हंजे भेगा नसत्या तर?"

"तर बराच खाली आला असता. लोखंडाचे असतात ते कधीकधी जमिनीपर्यंत येतात."

तनुजा सहावीत असताना वीज आणि गडगडाटाचा धडा सरितानंच शिकवला होता. वीज दिसल्यापासून सेकंद मोजायला लावले होते.

"म्हंजे बाई, उजेड दिसला तवाच तुमाला ठाऊक होतं, आवाज मागून येणार म्हणून?"

सरिताला खोटं बोलता आलं असतं. "माहीत होतं," ती म्हणाली. "पण त्या वेळी डोक्यातच आलं नाही."

"हां," तनुजा म्हणाली. तिनं पांघरुणाची दुमड नीट केली आणि खिडकीकडं बघत राहिली. कडूबाई चहा घेऊन आली. सरितानं चहा घेतला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाला, शाळेत मांडव घातला गेला. मुख्याध्यापक सखाराम पवळ सरांनी आदल्या दिवशी सरिताला बोलावून सांगितलं, की संस्थेतर्फे तिचा सत्कार आहे. "पेपरात नाव आलं तुमचं. शाळेचं नाव झालं. अण्णा स्वतः शाल घालणार आहेत."

"सर, भिंतीच्या चौकशीचं काय झालं?"

पवळ सरांनी कपाटातून एक कागद काढून तिच्यापुढं सरकवला. संस्थेनं केलेल्या चौकशीचा अहवाल होता. दोन पानांचाच. भिंत पडण्याचं कारण म्हणून तिथं अवतरणात एक वाक्य दिलं होतं, तिच्याच जबाबातलं, शेवटचं. त्यातले 'सुरुंगाने नव्हे' हे शब्द गाळले होते. त्याखाली लिहिलं होतं, 'सबब घटना नैसर्गिक आपत्ती असून कोणासही जबाबदार धरता येत नाही.'

"पण मी भेगेबद्दल पत्र दिलं होतं तुम्हाला. सप्टेंबरमध्ये."

"माझ्या रजिस्टरला नाही ते."

"मी तुमच्या हातात दिलं होतं सर."

पवळ सर चष्मा पुसायला लागले. "वाहुळ मॅडम, माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तुमची वीस आहेत. बघा बुवा."

सत्काराच्या दिवशी बद्रीनाथ अण्णा चांगले बोलले. विज्ञानाला त्यांनी नमस्कार केला. अंधश्रद्धा आणि अफवांपासून गावाला वाचवणाऱ्या बाई म्हणून त्यांनी तिचं कौतुक केलं, जणू सुरुंगाची गोष्ट दुसऱ्याच कुणीतरी उठवली होती. नवी भिंत संस्था लवकरच बांधेल, असंही त्यांनी जाहीर केलं. शाल घालायला ते पुढं आले तेव्हा सरितानं हात आडवा धरला आणि माईक जवळ ओढला.

"मी एकच विचारते," ती म्हणाली. "त्या दिवशी धक्का सगळ्या गावाला बसला. आपल्या गावात त्या दिवशी भिंती किती पडल्या?"

तिनं एक बोट वर केलं.

"एक पडली. का पडली, ते बांधणाऱ्याला विचारा. तिच्यात सिमेंट..."

माईक बंद झाला. ती तशीच, मोठ्यानं, आणखी दोन-तीन वाक्यं बोलली. पुढच्या रांगेतल्यांनी ती ऐकली आणि खाली बघितलं. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या, आणि कार्यक्रम संपला.

त्यानंतर तिनं भिंतीची चौकशी करा म्हणून शिक्षण खात्याला अर्ज लिहायला घेतला. एकटीच्या अर्जाला कुणी विचारणार नाही, हे तिला कळत होतं. ती आधी बजाजनगरला गेली. गयास रखवालीवरून आला होता, जेवत होता.

"तुम्ही पडलेली भिंत पाहिली होती ना? पोलीस तुम्हाला शाळेपाशी घेऊन आले तेव्हा?"

"पाहिली. बोटानं खरवडली तर भुगा पडत होता. निस्ती वाळू."

"तेवढंच लिहून द्या. तुमचा शब्द चालेल, तुम्हाला दगड-चुन्यातलं कळतं."

गयासनं ताट बाजूला सारलं. "मॅडम, तुमचे उपकार हायेत. पण आता मी कुठंच सही करणार नाय. मला काय कळतं ते मी एकदा ठाण्यात बोलून बसलो."

यास्मिन तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षात बसताना सरिताचा हात तिनं क्षणभर धरला.

मग सरिता चिंचदऱ्याला कडूबाईच्या घरी गेली. तनुजा ओट्यावर कुबड्या शेजारी ठेवून बसली होती. कडूबाईनं अर्ज ऐकून घेतला, सगळा.

"आणि अंगठा कुठं करायचा?"

"इथं, खाली."

"मी नाय करायची," कडूबाई म्हणाली. "अण्णा परवा आले हुते. जयपूरचा पाय बसवून देतो म्हनले. फुडं वसतिगृहात घालतो म्हनले. मी अंगठा केला की ते समदं जातं."

"कडूबाई, त्यांच्या भिंतीनंच..."

"कुनाच्या भिंतीनं?" कडूबाईचा आवाज चढला. "तुमीच लिवून दिलं ना, आभाळातून आलं म्हनून? त्या पठानाला सोडवायला लिवलं तवा माझी पोर आठवली नाय. आन् तिला भाईर कुनी काढलं वर्गातून? मी काढलं व्हय?"

सरिता खाली बसली. "नाही," ती म्हणाली. "मी काढलं."

"मग? तुमी शहरात ऱ्हाता बाई. मला इथं ऱ्हायचंय."

ती आत निघून गेली. भांडी आदळल्याचा आवाज आला. सरितानं अर्ज घडी करायला घेतला, तेव्हा तनुजानं हात पुढं केला.

"द्या इकडं."

"तनुजा, आई नाही म्हणतेय."

"मी सही करते. पाय माझा गेलाय."

तिनं कागद मांडीवर घेतला, पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहिलं, इयत्ता आठवी, तुकडी अ. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं. सरितानं खाली स्वतःची सही केली.

सोमवारी ती शहरात शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेली. खिडकीवरच्या लिपिकानं अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ही दुसरी सही कुणाची?"

"जिचा पाय गेला तिची."

"वय?"

"तेरा."

"अज्ञान मुलीची सही चालत नाही मॅडम. पालकांची आणा."

"पालक करत नाहीत."

"मग तुमची एकटीचीच राहील. आणि पेपरात तर वाचलं, तुम्ही आधी जबाब दिलाय ना, उल्केनं पडली म्हणून? आता हे उलट कसं?"

"उलट नाही," सरिता म्हणाली. "दोन्ही खरं आहे."

लिपिकानं तिच्याकडं पाहिलं. मागं रांग होती. त्यानं तांबडं पेन घेतलं, तनुजाच्या नावावर एक रेघ मारली, कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला आणि पुढच्या माणसाला हात केला.